तीन-दोन-एक नियम

तीन-दोन-एक नियम : वैयक्तिक संगणकातील फाइलींचा बॅकअप कसा ठेवावा याविषयीचा सर्वांत प्रचलित संकेत. महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतली एक मूळ जागेपासून दूर ठेवावी, असा त्याचा आशय आहे. मूळ फाइल या तिनांत धरायची की नाही, याबाबत एकवाक्यता नाही. अमेरिकेच्या यूएस-सर्ट या शासकीय संगणक-सुरक्षा पथकाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात मूळ एक आणि बॅकअप दोन असा हिशेब आहे. येथे तोच ग्राह्य धरला आहे.

नियमाचे आजचे सूत्र अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावावर आहे. डिजिटल छायाचित्रांच्या व्यवस्थापनावरील त्यांचे पुस्तक प्रथम २००५ मध्ये निघाले व २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. नियमाचा उगम कोणी पहिल्या आवृत्तीशी जोडतात, कोणी दुसरीशी; २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो रूढ झाला, एवढे म्हणणे सुरक्षित. तो छायाचित्रकाराकडून यावा याला कारण आहे. फिल्मच्या काळात छापील फोटो आणि निगेटिव्ह अशा दोन वस्तू आपोआप उरत. डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्ह नाहीशी केली आणि दुसरी प्रत मुद्दाम करणे भाग पडले.

नियमाचे घटक मात्र बरेच जुने आहेत. मोठ्या संगणकांच्या काळात चुंबकीय फितींचे दैनिक, साप्ताहिक व मासिक संच आळीपाळीने वापरले जात. या पद्धतीला ‘आजोबा-वडील-मुलगा’ असे नाव होते. दूर ठेवलेल्या प्रतीची कल्पना त्याहून मागे जाते : अणुयुद्धाच्या धास्तीने १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका बंद लोहखाणीत कंपन्यांचे दस्तऐवज सांभाळण्याचा व्यवसाय सुरू झाला, तोच पुढे आयर्न माउंटन या नावाने वाढला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफर्सन यांनी १८ फेब्रुवारी १७९१ च्या पत्रात, ऐतिहासिक कागद कडीकुलपात ठेवण्यापेक्षा त्यांच्या प्रती वाढवाव्यात असे सुचवले होते, त्याचाही दाखला काही जण देतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेला लॉक्स हा ग्रंथालयीन प्रकल्प याच तत्त्वावर उभा आहे. परंतु त्यातून क्रोग यांच्या सूत्रापर्यंत सरळ धागा दिसत नाही. क्रोग यांना या पद्धतीचे जनक म्हणण्यापेक्षा तिचे सूत्रकार मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

सूत्राचे मर्म प्रतींच्या संख्येत कमी आणि त्यांच्या परस्पर स्वातंत्र्यात अधिक आहे. एकाच कारणाने दोन प्रती जाणार असतील, तर त्या एकच समजाव्यात. हार्ड डिस्कचे यांत्रिक भाग झिजतात. पेनड्राइव्ह दीर्घकाळ विजेविना राहिल्यास त्यातील विद्युतभार गळू शकतो. घरी लिहिता येणाऱ्या सीडी-डीव्हीडींचा सेंद्रिय रंगथर ऊन आणि उष्णतेने खराब होतो. बिघाडाची कारणे अशी निरनिराळी असल्यामुळे ‘दोन माध्यमे’ ही अट आली. अनेक डिस्क एकत्र जोडून एकीसारख्या वापरण्याची रेड ही रचना (बर्कली विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ च्या निबंधात मांडलेली) बॅकअपमध्ये मोडत नाही. एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावे हा तिचा हेतू. चुकून पुसलेली फाइल ती सर्व डिस्कवरून त्याच क्षणी पुसते. क्लाउडवर आपोआप जुळणाऱ्या फोल्डरचेही असेच आहे. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइल ३० दिवसांनी कायमची जाते, त्यामुळे दोन महिन्यांनी लक्षात आलेली चूक तेथे सुधारत नाही.

२०१३ मधील क्रिप्टोलॉकर या खंडणीखोर प्रोग्रामने संगणकाला जोडलेल्या बाह्य डिस्कही कुलूपबंद केल्या. त्यानंतर एक प्रत संगणकापासून तोडून ठेवावी, अशी भर नियमात पडली. घरगुती वापरासाठी ही भर मूळ सूत्राइतकीच महत्त्वाची मानावी : बाह्य डिस्क बॅकअपपुरती जोडावी आणि लगेच काढून ठेवावी. दूरच्या प्रतीचे महत्त्व १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला लागलेल्या आगीत दिसले. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस झाला. तळमजल्यावरच्या घरात संगणक आणि त्याची डिस्क एकाच टेबलावर असतील, तर अशा पुरात दोन्ही जातात.

बॅकअपची खरी परीक्षा फाइली परत मिळवताना होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा पाचपैकी एकही बॅकअप व्यवस्था नीट चालत नसल्याचे उघड झाले. एका कर्मचाऱ्याने सुमारे सहा तास आधी वेगळ्या कामासाठी घेतलेली प्रत उपयोगी पडली. ठरावीक काळाने काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे, हाच यावर खात्रीचा उपाय आहे. विंडोजमधील फाइल हिस्टरी (२०१२) आणि मॅकमधील टाइम मशीन (२००७) ही साधने जुन्या आवृत्त्याही जपतात.

मराठी मजकुराबाबत एक अडचण निराळी आहे. जगातील लिप्यांसाठीच्या युनिकोड या सामाईक संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ मध्ये झाला, तरी मराठी प्रकाशन-व्यवहार पुढे अनेक वर्षे श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये चालला. या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. पानजुळणीच्या पेजमेकर या प्रोग्राममधील अशी फाइल तंतोतंत जपली, तरी फॉन्ट नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. म्हणून फाइलीबरोबर तिचे फॉन्ट, फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ आणि युनिकोड रूपांतर अशा तिन्ही गोष्टी ठेवाव्यात. पीडीएफमुळे पानाचे रूप टिकते, पण अशा फॉन्टमुळे त्यातला मजकूर देवनागरीत शोधता येत नाही. रूपांतरात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे जागा सोडतात. त्यामुळे तो मजकूर पीडीएफशी ताडून एकदा पूर्ण वाचावा लागतो.