ताणल्यावर रुंदावणारी जाळी

रबरबँड ताणला की लांब होतो, तसा बारीकही होतो. लांबीच्या वाढीच्या मानाने रुंदी किती घटली, ते सांगणारा आकडा म्हणजे पॉयसन गुणोत्तर. रबराचं जवळपास ०.५, पोलादाचं ०.३, बाटलीच्या बुचाचं जवळजवळ शून्य. म्हणून तर बूच दाबून बसवताना बाजूंनी फुगत नाही. हा आकडा उणेही असू शकतो, म्हणजे ताणल्यावर पदार्थ रुंदावूही शकतो, हे गणिताला मान्य होतं. पण काही स्फटिक सोडले तर हातात धरून दाखवावं असं काही नव्हतं.

१९८२ मध्ये लॉर्ना गिब्सन, मायकेल अ‍ॅशबी या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सपाट षटकोनी जाळीचं गणित मांडलं. पोळ्यासारख्या त्या षटकोनाचे दोन कोपरे आत ढकलले की गुणोत्तर उणे होतं, हे त्यातूनच निघालं. बोलबाला मात्र झाला १९८७ च्या प्रयोगाचा. रॉडरिक लेक्स यांनी साधा फोम तिन्ही बाजूंनी दाबला, तापवला आणि तसाच थंड होऊ दिला. गुणोत्तर भरलं उणे ०.७. अशा पदार्थांना ‘ऑक्झेटिक’ हे नाव १९९१ मध्ये केन इव्हान्स यांनी दिलं.

माझ्या मते खरी गंमत २००० साली आली. जोसेफ ग्रिमा आणि इव्हान्स यांनी कोपऱ्यांत बिजागरीने जोडलेले चौरस घेतले. शाळेच्या हस्तकलेतल्या फोमशीटवर हे करून बघता येतं. चौकटी आखायच्या, आडव्या-उभ्या चिरा आलटून-पालटून द्यायच्या, कोपरे तेवढे किंचित जोडलेले ठेवायचे. एका दिशेने ओढलं की प्रत्येक चौरस शेजाऱ्याच्या उलट फिरतो, मध्ये चौकोनी खिडक्या उघडतात आणि शीट दोन्हीकडे सारखीच वाढते. गुणोत्तर बरोबर उणे १. चौरस कडक आणि बिजागऱ्या आदर्श मानल्या तर लांबी-रुंदी ४१ टक्क्यांपर्यंत वाढते, म्हणजे क्षेत्रफळ थेट दुप्पट. फोमचा यात काही पराक्रम नाही. सगळी करामत चिरांची.

पुढे २०१० मध्ये कातिया बेर्तोल्दी आणि सहकाऱ्यांनी गोल भोकांची रबरी शीट दाबली. एका हद्दीनंतर भोकांमधल्या पट्ट्या वाकल्या आणि शीट बाजूंनीही आत आली. एरवी इंजिनिअर ज्या वाकण्याला घाबरतात, तेच इथे कामी आलं.

कागद चेंडूवर सुरकुती न पडता बसत नाही, हे नकाशे काढणाऱ्यांचं जुनं दुखणं. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी त्रिकोणी नक्षीत चिरा दिलेल्या सपाट पत्र्यांपासून वक्र आकार घडवण्याची संगणकी पद्धत मांडली. जिथे फुगवटा हवा तिथे चिरा जास्त उघडतात. पण त्या पूर्ण उघडल्या की पत्रा आणखी ताणत नाही, आणि डिझाइन करणाऱ्याला सगळा हिशेब त्या मर्यादेतच बसवावा लागतो.