बारटेंडरच्या मुलाखतीला जाण्याआधी

आमच्याकडे बेसिक कोर्स पूर्ण करून पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी हे पत्रक आहे. "बाटल्या फिरवून दाखव" म्हणतील, या धास्तीनेच निम्मे जण गारठतात. फ्लेअर, म्हणजे बाटल्या उडवण्या-फिरवण्याची कसरत, येत असेल तर छानच. पण परमिट रूमचा मालक काय किंवा हॉटेलचा एफ अँड बी (खाणं-पिणं विभागाचा) मॅनेजर काय, त्याला एकच गोष्ट बघायची असते: याचा हात मापात आहे का?

आकडे बघा. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ स्मॉल पेग बसतात. हात सैल पडून पेग ३३ मिलीचा झाला, की त्याच बाटलीतून २२ पेग निघतात आणि तळाशी थोडी उरते. दोन-अडीच पेगचे पैसे गेले, तेही कुणी चोरी न करता. शनिवारी रात्री काउंटरवर किती बाटल्या उघडतात ते मनात धरा, म्हणजे मालक इतका का चिडतो ते कळेल.

म्हणून ट्रायलला पुष्कळ ठिकाणी पाण्याने भरलेली बाटली, पोअरर (बाटलीच्या तोंडाला लावायची ओतायची नळी) आणि रिकामा ग्लास समोर ठेवतात आणि म्हणतात, "तीस ओत." ओतलेलं मग जिगरमध्ये, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्यात, टाकून बघतात. ओतताना मनात चारपर्यंत मोजलं की तीस मिली, हे आपण वर्गात घोटलं आहे, पण पोअरर बदलला की धार बदलते. तेव्हा सरळ विचारा, "सर, या पोअररने एकदा ओतून बघू का?" असं विचारणाऱ्याला कुणी कच्चा समजत नाही, उलट याला काम माहीत आहे असंच वाटतं. घरी रिकामी बाटली आणि नळाचं पाणी घेऊन रोज सराव करा. बाटली बघून आई-वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या तर हे पत्रक त्यांच्या हातात द्या.

ड्रिंक बनवायला सांगितलं तर बहुधा मोहितो सांगतात, कारण त्यात सगळे गुणदोष उघडे पडतात. ४५ मिली व्हाइट रम, २० मिली लिंबाचा रस, दोन लहान चमचे साखर, पुदिना, बर्फ, वरून सोडा. पुदिन्याची पानं मडलरने (ठेचायच्या दांड्याने) हलकी दाबायची, वास सुटेल इतकीच. जोर लावून वाटलीत तर ड्रिंक कडवट होतं आणि पानांचा चोथा स्ट्रॉमध्ये अडकतो. आपलं कागदी लिंबू लहान, एकातून रस किती निघेल याचा भरवसा नाही, तेव्हा रससुद्धा जिगरनेच मोजा. बर्फाला हात लावलात तर तिथेच नापास. आणि ग्लासनेच बर्फ उपसायची सवय असेल तर ती आजच मोडा: काच टवकली तर अख्खं आइस बिन रिकामं करून धुवावं लागतं, तेही ऐन गर्दीत. स्कूप शोधा, नसेल तर मागून घ्या.

शेक करायचं की स्टर, हा प्रश्न ठरलेला. रस, क्रीम किंवा अंडं असेल तर शेक, नुसतं मद्यच असेल तर बारस्पूनने (लांब दांड्याच्या चमच्याने) स्टर, म्हणजे ढवळायचं. निग्रोनी या कॉकटेलचं माप विसरायची सोयच नाही: जिन, कॅम्पारी (कडवट लाल लिकर), स्वीट व्हर्मुथ (मसालेदार गोड वाइन), तिन्ही ३०-३० मिली. पन्नास रेसिपी अर्धवट सांगण्यापेक्षा सात-आठ न अडखळता सांगा.

गोव्यात जाणार असाल तर फेणी माहीत असलीच पाहिजे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. उर्राक उन्हाळ्यापुरताच मिळतो. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

नियमांचा प्रश्न येतोच, आणि इथेच चांगली मुलं गडबडतात. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. गोव्यात २१. "गिऱ्हाईक कोवळं दिसतंय आणि ओळखपत्र नाही म्हणतंय, काय करशील?" याचं उत्तर: नम्रपणे नाही म्हणेन, हुज्जत घालणार नाही, कॅप्टनला (वेटरांच्या प्रमुखाला) बोलावेन. जास्त झालेल्या गिऱ्हाइकाबद्दल विचारलं तर पाणी, काहीतरी खायला, पुढची ऑर्डर बंद, आणि मॅनेजरच्या कानावर. "तुझा मित्र आला आणि एक पेग फुकट मागितला तर?" या प्रश्नावर हसू नका. तो गमतीने विचारलेला नसतो.

मुलींना "घरच्यांना चालतं का?" असं अजूनही विचारतात. बारमध्ये स्त्रियांना नोकरीला मनाई करणारं पंजाब अबकारी कायद्यातलं कलम दिल्लीत लागू होतं, ते सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच रद्दबातल ठरवलं. मुलाखतीत वाद घालायला नको, पण मनात पक्कं असू द्या. आणि रात्री घरी सोडायला गाडी मिळणार का, हे तुम्ही उलट विचारा.

विचारायच्या आणखी गोष्टी: टिप कशी वाटतात, जेवण-राहणं आहे का, ग्लास फुटला तर पगारातून कापतात का. ही कापाकापी आम्हाला पटत नाही, पण चालते, तेव्हा आधी कळलेलं बरं. ट्रायल एका शिफ्टची ठीक. आठवडाभर फुकट राबवून घेणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून निघा.

सोबत आधार, वयाचा पुरावा, फोटो आणि डॉक्टरांचा फिटनेस दाखला ठेवा. महाराष्ट्रात परमिट रूममध्ये रुजू होताना उत्पादन शुल्क खात्याचा नोकरनामा, म्हणजे तिथे काम करण्याचं अधिकृत पत्र, लागतो. तो काढून कोण देणार, हे मालकाला विचारून घ्या. काळा शर्ट, बंद बूट, कापलेली नखं. सेंट मारू नका, ड्रिंकचा वास घ्यायचा असतो.

मुलाखतीची तारीख ठरली की आम्हाला कळवा. आमच्या काउंटरवर सराव ट्रायल घेऊ, कोर्स केलेल्यांना त्याचे वेगळे पैसे नाहीत. नोकरीची हमी आम्ही देत नाही. लिंबं आणि पुदिना येताना घेऊन या.