विटांची अट: मेलबर्नच्या जुन्या खरेदीखतांची पार्श्वभूमी

मेलबर्नच्या पूर्वेकडच्या जुन्या उपनगरांत पडके घर घ्यायचे, ते पाडून मनासारखे नवे बांधायचे, असा बेत आपल्याकडची कुटुंबेही करतात. लाकडी घराचा नकाशा तयार होतो, आणि मग मालकीपत्रावरचा ‘कॉव्हेनंट’ हा शब्द वकिलाच्या नजरेस पडतो. मूळ दस्ताची प्रत मागवली की शंभरेक वर्षांपूर्वीची चार-पाच ओळींची अट समोर येते: या जमिनीवर राहते घर एकच, त्याच्या बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या, छपर कौलांचे किंवा स्लेटचे, आणि माती-दगडासाठी खाण खोदायची नाही. आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त असतो, तसाच हा बोजा.

विकणारा केव्हाच वारला, मग अट जिवंत कशी? त्याचे उत्तर लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये आहे. तिथली बाग १८०८ मध्ये टल्क यांनी विकली आणि तिथे इमारत बांधायची नाही, असे लिहून घेतले. पुढे ती मॉक्से यांच्याकडे आली. अट त्यांना ठाऊक होती, पण करार आपण केलेला नाही, म्हणून ते बांधकामाला निघाले. १८४८ मध्ये न्यायाधीश लॉर्ड कॉटनहॅम यांनी त्यांना रोखले. अट ठाऊक असून जमीन घेतली असेल तर ती पाळलीच पाहिजे. नाहीतर अटीमुळे स्वस्त मिळालेली जमीन कोणीही दुसऱ्या दिवशी बिनअटीची म्हणून चढ्या भावाने विकेल. हे तत्त्व भारतातही आले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४० त्यावरच उभे आहे.

विटांचा आग्रह त्याहून जुना. १६६६ च्या आगीत लाकडी लंडन जळाले आणि १६६७ च्या कायद्याने भिंती विटांच्या किंवा दगडाच्या सक्तीच्या केल्या. मेलबर्नच्या विकासकांना मात्र आगीपेक्षा भावाची काळजी जास्त होती, असे माझे मत आहे. मोठी जमीन तोडून एकेक प्लॉट विकायचा, तर पहिल्याच गिऱ्हाइकाने पत्र्याची खोली ठोकली की उरलेल्या प्लॉटांचा भाव बसणार. फळ्यांचे घर कामगाराचे, विटांचे घर पगारदाराचे, ही समजूत होतीच. काही खतांत घरावर किमान किती पौंड खर्च झाला पाहिजे, तेही असे. सामान ठरवले की शेजार आपोआप ठरायचा. गरिबाला दाराबाहेर ठेवण्याची ही सभ्य रीत मला खटकते.

अट मोडायला हरकत कोण घेऊ शकतो, हे विक्रीच्या क्रमावर ठरते. तुमचा प्लॉट विकला गेला तेव्हा विकासकाकडे जी जमीन शिल्लक होती, साधारणपणे तिच्या आजच्या मालकांना हा हक्क असतो. त्यामुळे भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्याला कधी काही म्हणता येत नाही, आणि दोन गल्ल्या पलीकडचा अनोळखी माणूस आडवा येतो.

शब्दांचा कीस वेगळाच. आत लाकडी सांगाडा आणि बाहेर विटांचा एकच पातळ थर, म्हणजे ‘ब्रिक व्हेनीअर’, ही भिंत विटांची म्हणायची का? यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. मातीच्या किंवा गवताच्या गाठोड्यांच्या भिंतींचे घर बांधू पाहणाऱ्याची पंचाईत तर विचारायलाच नको.

अट शिथिल करून घेण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, त्याच्या १९५८ च्या प्रॉपर्टी लॉ ॲक्टच्या कलम ८४ खाली त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयात अर्ज करायचा, किंवा स्थानिक कौन्सिलकडे प्लॅनिंग परवाना मागायचा. दुसरी वाट स्वस्त, पण २५ जून १९९१ पूर्वीच्या अटींसाठी फार अरुंद: हक्कदार शेजाऱ्याचे कसलेही नुकसान, अगदी त्याला नुसते वाटणारे नुकसानसुद्धा, संभवत नसेल तरच परवाना मिळतो. आणि विटांच्या अटी बहुतेक त्या तारखेच्या आधीच्याच आहेत.