धोब्याच्या वहीतून निघालेली रहस्यकादंबरी

ब्रिटिश कादंबऱ्यांची कुठलीही शिफारसयादी उघडा, तिचे सरळ दोन भाग पडलेले दिसतात. वरच्या भागात जेन ऑस्टिन, डिकन्स, ब्राँटे भगिनी, जॉर्ज इलियट. खालच्या भागात अगाथा ख्रिस्तीपासून इयन रँकिनपर्यंतची रहस्यकथावाली मंडळी. वरची पुस्तकं वाचलेली असावीत म्हणून वाचायची आणि खालची हातातून सुटत नाहीत म्हणून, असा एक अलिखित समज त्यामागे असतो. पण ही वाटणी बरीच उशिरा झाली. त्याआधी दोन्ही घराणी एकाच वाड्यात नांदत होती, आणि तो वाडा उभा राहिला होता पुस्तकं विकण्याच्या व्यवहारावर.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. मजुराची आठवड्याची कमाईसुद्धा तेवढी नव्हती. मग लोक वाचत कसे? एक वाट होती वाचनालयाची. लंडनच्या चार्ल्स मुडीच्या लायब्ररीत वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येई. तीन खंडांची कादंबरी म्हणजे एकाच वेळी तीन वर्गणीदारांची सोय. मुडीशेठ लांबलचक कादंबऱ्यांवर खूश होते ते उगाच नव्हे. व्हिक्टोरियन कादंबरी फार पाल्हाळिक असते अशी तक्रार करणाऱ्यांनी थोडा दोष या दुकानदारीलाही द्यावा. १८९४ मध्ये मुडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन बड्या वाचनालयांनी खंडामागे चार शिलिंगांहून जास्त द्यायला नकार दिला, आणि तीन खंडांचा प्रकार बघता बघता बंद पडला.

दुसरी वाट हप्त्यांची. १८३६ पासून डिकन्सचं 'पिकविक पेपर्स' दरमहा एका शिलिंगाला एक भाग असं निघू लागलं आणि पुढच्या लेखकांना त्याने रस्ता घालून दिला. हप्ता संपताना वाचकाच्या मनात काहीतरी अडकवून ठेवायचं, नाहीतर पुढचा अंक कोण घेणार? कोण कुणाचा मुलगा, मृत्युपत्र कुणी लपवलं, ती बाई रात्री कुठे जाते: असल्या गुपितांशिवाय तेव्हाची 'गंभीर' कादंबरीही पुढे सरकत नसे. म्हणजे रहस्य आधीच घरात होतं. नव्हता तो फक्त ते उकलणारा माणूस.

तो आला पोलिसांतून. लंडनच्या पोलीस दलात १८४२ मध्ये साध्या कपड्यांतल्या तपासनिसांची छोटीशी शाखा सुरू झाली. डिकन्सला या मंडळींचं भारी कौतुक. त्याने त्यांच्यावर लेख लिहिले, रात्रीच्या गस्तीला त्यांच्याबरोबर हिंडला. 'ब्लीक हाउस'मधला इन्स्पेक्टर बकेट (१८५२-५३) त्याच ओळखीतून आला.

खरा धक्का मात्र १८६० च्या जूनअखेरीस बसला. विल्टशरमधल्या रोड गावी केंट नावाच्या खात्यापित्या घरातला तीन वर्षांचा मुलगा रात्रीत नाहीसा झाला आणि आवारातल्या संडासात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. दारंखिडक्यांची स्थिती पाहता मारेकरी घरातलाच असणार हे उघड होतं. स्थानिक पोलिसांनी घोळ घातल्यावर लंडनहून जॉनथन व्हिचर या तपासनिसाला धाडण्यात आलं. त्याने काय धरून ठेवलं? धोब्याला दिलेल्या कपड्यांची यादी. मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स सोळा वर्षांची. तिचे रात्री घालायचे झगे तीन असायला हवे होते, भरत होते दोनच. या हरवलेल्या एका झग्यावर व्हिचरने सगळी भिस्त ठेवली आणि तिला अटक केली.

लोक भडकले ते व्हिचरवर. कामगार वर्गातून वर आलेला एक पोलीस सभ्य घरात घुसतो, तरुण मुलीचे आतले कपडे मोजतो, हे त्यांना खुनापेक्षा जास्त लागलं. पुराव्याअभावी कॉन्स्टन्स सुटली आणि व्हिचरच्या नावाला बट्टा लागला. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, तिने आपण होऊन कबुली दिली.

तीन वर्षांनी विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिथेही इंग्रजी खेड्यातलं मोठं घर, तिथेही गुन्हेगार घरातलाच कुणी असल्याचा संशय, तिथेही लंडनहून आलेला तपासनीस, सार्जंट कफ, ज्याला चोरांपेक्षा गुलाबांच्या झाडांत जास्त रस. दाराचा ओला रंग कुणाच्या तरी कपड्याला लागलाय हे ताडून कफ पहिल्यांदा मागतो ती घरातली धोब्याची वही. चार वर्तमानपत्रं वाचणाऱ्या कुठल्याही इंग्रज माणसाला ती वही कुठून आली हे सांगावं लागलं नसणार. कॉलिन्सने खून काढून टाकला आणि त्या जागी हिरा ठेवला.

हा हिरा आपल्याकडचा. कादंबरी सुरू होते १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या पाडावात, जिथे एक इंग्रज अधिकारी टिपूच्या भांडारातून तो लुटतो. त्याच्या आधीचा इतिहास लेखक सोमनाथच्या मंदिरापर्यंत नेतो. श्रीरंगपट्टणची लूट खरी होती. १८५७ ला जेमतेम दहा वर्षं झाली असताना इंग्लंडमधला एक लोकप्रिय लेखक मूळ चोरी आपल्याच सैन्याच्या पदरात टाकतो, हे मला या पुस्तकातलं सगळ्यात धीट वाटतं. हिरा परत न्यायला आलेले त्यातले तीन ब्राह्मण आज वाचताना कृत्रिम वाटतात, ते वेगळं. टी. एस. इलियटने या कादंबरीला आधुनिक इंग्रजी गुप्तहेर कादंबऱ्यांमधली पहिली, सर्वांत लांब आणि सर्वोत्तम म्हटलं. लांबीबद्दल कुणी वाद घालणार नाही.

याच सुमाराची इंग्रजी कादंबरी मराठीतही पोचली होती, पण वेगळ्या दाराने. ब्रिटनमध्ये स्वस्त साप्ताहिक हप्त्यांत खपणारा जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हिंदुस्थानात अफाट वाचला जाई, आणि ह. ना. आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) त्याच्याच कादंबरीवर बेतलेली आहे.

शेरलॉक होम्सची कथा सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ मध्ये एका ख्रिसमस अंकात आली, कॉनन डॉयलला पंचवीस पौंड मिळाले आणि फार गाजावाजा झाला नाही. गाजावाजा झाला तो १८९१ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात लघुकथा सुरू झाल्यावर. क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचक तुटतो. इथे नायक तोच, पण गोष्ट प्रत्येक अंकात पुरी. आजच्या सगळ्या गुप्तहेर-मालिकांचा साचा तिथला.

पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषधालयात काम करणाऱ्या अगाथा ख्रिस्तीला विषांची चांगली माहिती झाली, गावात बेल्जियन निर्वासितही दिसत होते. दोन्ही मिळून पहिली कादंबरी झाली, 'द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स'. ती १९२० मध्ये आधी अमेरिकेत निघाली. पुढच्या दशकात हा प्रकार जवळजवळ खेळ बनला. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने त्याचे दहा नियम लिहिले: गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, तपासनिसाला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, वगैरे. पुढच्याच वर्षी रहस्यकथा लिहिणाऱ्यांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला, लेखक जी. के. चेस्टरटन त्याचा पहिला अध्यक्ष. नव्या सभासदाला चक्क शपथ घ्यावी लागे. नियम पाळणाऱ्यांची पुस्तकं आज बरीचशी विसरली गेली आहेत, आणि ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६), जिने वाचकांशी दगाबाजी केल्याचा आरोप ओढवून घेतला, ती मात्र अजून खपते.

आणि मग ती वाटणी. १९३५ मध्ये ॲलन लेनने सहा पेन्सला एक अशी पेंग्विनची पुस्तकं काढली आणि मुखपृष्ठांना रंग ठरवून दिले: कादंबरी नारिंगी, गुन्हेकथा हिरवी. पहिल्या दहांत ख्रिस्तीची 'स्टाइल्स' आणि डोरोथी सेयर्सचीही एक कादंबरी होती, दोन्ही हिरव्या. रहस्यकथेला कमी लेखणं त्याआधीही होतं, पण आता दुकानात शिरताक्षणी ते रंगाने कळू लागलं.

नंतरच्या चांगल्या लेखकांनी ही भिंत मानली नाही. पी. डी. जेम्सने १९६२ च्या पहिल्याच कादंबरीत कविता लिहिणारा पोलीस अधिकारी आणला, आणि १९८७ मध्ये ती बुकर पारितोषिकाच्या परीक्षक मंडळाची अध्यक्ष होती. त्याच वर्षी रँकिनची 'नॉट्स अँड क्रॉसेस' आली. आपण एडिंबराच्या दुहेरी चेहऱ्याची, जेकिल-हाइडच्या वळणाची कादंबरी लिहितोय अशी त्याची समजूत होती; दुकानदारांनी ती गुन्हेकथांच्या फळीवर ठेवलेली पाहून तो चकित झाला. कॉलिन डेक्स्टरचा ऑक्सफर्डमधला पोलीस तपासनीस मॉर्स मला रँकिनच्या तपासनिसापेक्षा, रीबसपेक्षा, फिका वाटतो, पण शब्दकोड्यांचा नाद असणाऱ्यांना तोच आवडेल.

रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) पुन्हा बंदिस्त वस्तीकडे वळली, फक्त उमरावांच्या हवेलीऐवजी केंट परगण्यातल्या निवृत्तांच्या वसाहतीत. त्याआधी २०१४ च्या नाताळात ब्रिटिश लायब्ररीने जे. जेफरसन फार्जनची १९३७ ची 'मिस्टरी इन व्हाइट' पुन्हा छापली, आणि बर्फात अडकलेल्या रेल्वेप्रवाशांची ती विस्मरणात गेलेली गोष्ट अनपेक्षितपणे धडाधड खपली. तेव्हापासून त्या मालेत तसल्या जुन्या कादंबऱ्या एकामागून एक निघताहेत. त्यातल्या बऱ्याचशा एकदा वाचून सोडून द्याव्या अशा आहेत. इथे आलेल्या सगळ्यांतलं एकच पुस्तक निवडायचं असेल तर 'मूनस्टोन' घ्या. पहिली शंभर पानं कारभारी बेटरेजचा पाल्हाळ सोसा, सार्जंट कफ आल्यावर पुस्तक खाली ठेवणार नाही.