कपड्यांचा चिमटा आणि रिमोटची विमानं

आज रिमोटवर उडणारं विमान खोक्यातून काढायचं, बॅटरी चार्ज करायची आणि मोकळं मैदान गाठायचं, एवढंच काम. पूर्वी मात्र हा छंद एकट्यादुकट्याला फारसा झेपत नसे. त्याला कारण होत्या रेडिओलहरी. त्या सगळ्यांच्या सामाईक होत्या, त्यामुळे हौशींना आपसांत जमवून घ्यावंच लागे.

रेडिओ येण्याआधी खेळण्यातलं विमान उडायचं, पण मालकाचं ऐकायचं नाही. 1871 मध्ये आल्फोन्स पेनो यांनी पॅरिसच्या त्युलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारं विमान उडवलं. 11 सेकंदांत ते सुमारे 40 मीटर गेलं. पुढे छोटी पेट्रोल इंजिनं आली आणि विमानं शेतंच्या शेतं ओलांडून जाऊ लागली. मालकाची निम्मी दुपार त्यांच्यामागे धावण्यात जायची.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावी वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ राहत. एकाला विमानं बांधण्याचा नाद, दुसरा हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेखातर रेडिओ-संदेशांची देवाणघेवाण करणारा. 1937 मध्ये त्यांनी 8 फूट पंखांचं विमान रेडिओवर उडवलं आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. विमानाचं नाव ‘गफ’, म्हणजे इंग्रजीत पोकळ बडबड. आपल्या ‘गप्पां’च्या अगदी शेजारचं! हेच विमान 1960 मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं गेलं. त्या काळी रेडिओ वापरायला हॅमचा परवाना लागे आणि त्यासाठी मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची, परीक्षा द्यावी लागे. त्यामुळे विमानवाला आणि रेडिओवाला यांची जोडी जमली तरच गाडी पुढे सरकायची. गुड बंधूंच्या तर ती घरातच होती.

1950 च्या दशकात 27 मेगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा परीक्षेशिवाय खुला झाला आणि गर्दी वाढली. यंत्रणा मात्र अगदी प्राथमिक होती. ट्रान्समीटरला एकच बटण. दाबलं की रडर (शेपटीवरचं सुकाणू) उजवीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की डावीकडे. मोजणी चुकली की विमान भलतीकडेच. त्यात विमानातले सुरुवातीचे रिसीव्हर इतके ढोबळ की शेजारच्या फ्रिक्वेन्सीचाही संदेश उचलायचे. म्हणजे एका वेळी मैदानावर एकच विमान, बाकीचे रांगेत. सुधारित रिसीव्हर आल्यावर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर विमानं एकत्र उडू लागली. कोणाची फ्रिक्वेन्सी कोणती, हे एरियलला बांधलेल्या रंगीत फितीवरून कळे: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी.

मग आली ती चिमट्यांची फळी. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवर चॅनेलचा, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीचा, आकडा लिहायचा आणि ते फळीवर लावून ठेवायचे. आपल्या चॅनेलचा चिमटा हातात आल्याशिवाय ट्रान्समीटरच्या स्विचला हात लावायचा नाही. काही क्लबांत उलटी रीत, आपलाच चिमटा फळीवर लावायचा. नियम साधा, पण मोडला तर त्याच चॅनेलवरचं दुसऱ्याचं विमान आकाशातच बेताल होऊन कोसळणार. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवत घालवलेले महिने काही सेकंदांत मातीत! अमेरिकेत पुढे 72 मेगाहर्ट्झवर विमानांसाठी 50 चॅनेल मिळाले, तरी फळी हटली नाही. माझ्या मते क्लबची शिस्त घडवण्यात छापील नियमावलीपेक्षा या फळीचा वाटा मोठा.

आपल्याकडे अनेकांची या छंदाशी पहिली ओळख झाली ती एनसीसीच्या एअर विंगमध्ये. तिथे एरोमॉडेलिंग प्रशिक्षणाचाच भाग आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनी ‘मॉडेल’ विमानांची वेगळी व्याख्या केली: वजन 25 किलोपर्यंत, उड्डाण नजरेच्या टप्प्यात, वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा हौसेसाठी.

2005 च्या सुमारास 2.4 गिगाहर्ट्झचे संच बाजारात येऊ लागले. त्यांत रिसीव्हर फक्त आपल्या जोडीच्या ट्रान्समीटरचं ऐकतो, त्यामुळे चिमट्याचं काम संपलं. नवशिक्याला मात्र अजूनही जोडीदार लागतोच. विमान उडवताना त्याचा ट्रान्समीटर उस्तादाच्या ट्रान्समीटरला वायरने जोडलेला असे. विमान वाकडं गेलं की उस्ताद ताबा आपल्याकडे घेई. याला ‘बडी बॉक्स’ म्हणतात. आता बऱ्याच संचांत ती वायरही राहिलेली नाही, दोन्ही ट्रान्समीटर हवेतूनच जोडले जातात.