एकच ‘मूव्ह’, उलटसुलट क्रम: असेंब्लरच्या घोळामागचा इतिहास

सोलापुरात अभियांत्रिकीला मायक्रोप्रोसेसर शिकलेल्या जुन्या पिढीला ८०८५ या प्रोसेसर चिपचं सरावाचं किट आठवत असेल. इंटेलच्या या १९७६ सालच्या चिपला ‘ए रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडा ठेवायच्या जागेत) ५ भर’ असं सांगायचं, तर वहीत ‘एमव्हीआय ए, ०५’ लिहायचं, तक्त्यात कोड शोधायचा आणि कीपॅडवर ‘३ई ०५’ दाबायचं. म्हणजे शब्दांतल्या सूचनांचे यंत्राचे आकडे करणारा असेंब्लर आपणच! चादरीची नक्षी आलेखाच्या कागदावरून जकार्डच्या (मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्राच्या) भोकांच्या कार्डांवर पाडणाऱ्या कारागिराचं काम याच जातीचं. एका मापाच्या जकार्डची कार्डं दुसऱ्या मापाच्या जकार्डवर चालत नाहीत, हेही तसंच: एका जातीच्या प्रोसेसरचे कोड दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरला कळत नाहीत.

हे हातकाम यंत्रावर ढकलण्याची कल्पना किटपेक्षा बरीच जुनी. १९४७ च्या सुमारास लंडनच्या बर्कबेक कॉलेजात कॅथलीन बूथ यांनी असेंब्ली भाषेवर काम केलं. १९४९ मध्ये केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावर डेव्हिड व्हीलर यांचा छोटासा प्रोग्रॅम एकाक्षरी सूचना वाचून त्यांचे यंत्रसंकेत बनवू लागला.

आजचा विद्यार्थी अडखळतो तो घोळ मात्र पुढचा. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वाढली पीडीपी-११ या संगणकावर. तिथल्या असेंब्लरमध्ये ‘मूव्ह’ (किंमत एका जागेतून दुसरीत ने) या सूचनेनंतर आधी ‘कुठून’, मग ‘कुठे’. इंटेलने १९७८ च्या ८०८६ साठी नेमकं उलटं लिहिलं: आधी ‘कुठे’. युनिक्स इंटेलच्या चिपवर आली तेव्हा युनिक्सची मालक कंपनी एटी अँड टीने आपली जुनी वळणं सोडली नाहीत. ग्नूचा ‘अ‍ॅज’ हा असेंब्लर मुख्यतः कंपायलरचं (सी-सारख्या भाषेतून असेंब्ली बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं) आउटपुट पचवायला बनलेला, त्यानेही तीच उचलली. मायक्रोसॉफ्टचा मॅझम (१९८१) आणि सायमन टॅथम व ज्युलियन हॉल यांचा नॅझम (१९९६) हे असेंब्लर इंटेलच्या बाजूचे. त्यामुळे मॅझमवर पोसलेल्या मुलाने लिनक्सवर ‘अ‍ॅज’ उघडला की डोकं चक्रावतं. ‘डॉट इंटेल_सिंटॅक्स नोप्रीफिक्स’ ही ओळ टाकली की ‘अ‍ॅज’ निमूट इंटेलचा क्रम मानतो, पण हे शिकवताना क्वचितच सांगतात.

नॅझम फक्त एक्स८६ पुरता, म्हणजे ८०८६ च्या वंशातल्या प्रोसेसरपुरता. आर्म ही दुसरी प्रोसेसर-जात त्याच्या गावीही नाही. ‘अ‍ॅज’ची सुरुवात व्हॅक्स या संगणकासाठी झाली, पुढे त्याच्यात कितीतरी प्रोसेसर आले. पण हा असेंब्लर बांधतानाच त्याचं लक्ष्य, म्हणजे कुठल्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा ते, ठरतं, म्हणून लॅपटॉपवर आर्मचा कोड जुळवायचा तर ‘आर्म’ उपसर्ग लावलेली वेगळी आज्ञा बसवावी लागते. त्यात टिप्पणीची चिन्हंसुद्धा बदलतात: एक्स८६ वर हॅश, ३२-बिट आर्मवर ‘अ‍ॅट’चं चिन्ह (तिथे हॅश आकड्यामागे लागतो), ६४-बिट आर्मवर दोन तिरक्या रेघा. हा मात्र निव्वळ छळ आहे.

एलएलव्हीएम या कंपायलर-असेंब्लरच्या संचाने सगळी लक्ष्यं एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबली, आज्ञेला ‘टार्गेट’ जोडलं की काम भागतं. २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालेली रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसर-रचनाही आता त्या यादीत आहे. सूचना मात्र प्रत्येक प्रोसेसरसाठी नव्यानेच लिहाव्या लागतात.