न्यूयॉर्क सिटीचं इमिग्रेशन लीगल फंडिंग: अर्ज नेमका कुठे अडकतो

"आमच्याकडे ५०१ सी ३ आहे, क्वीन्समध्ये बेसमेंटमध्ये ऑफिस आहे, एक वकील पण ओळखीचा आहे, मग सिटीचे पैसे मिळतील ना?" स्थलांतरितांना कायदेशीर मदत देऊ पाहणाऱ्या लहान संस्थांचे असे फोन दर हिवाळ्यात येतात (५०१ सी ३ म्हणजे धर्मादाय संस्थेची फेडरल टॅक्समाफी). मी आधी एकच विचारते, सीपी ५७५ कुठे ठेवलंय? मग तिकडे शांतता.

आयआरएसने (अमेरिकेचं आयकर खातं) ईआयएन, म्हणजे संस्थेचा टॅक्स नंबर, देताना पाठवलेलं पत्र म्हणजे सीपी ५७५. ते एकदाच येतं, आणि ज्यांच्या घरी आलं ते तेव्हाचे खजिनदार आता टेक्सासला राहायला गेलेले असतात. हरवलं असेल तर आयआरएसला फोन करून १४७ सी नावाचं पत्र मागवा, पण फोन संस्थेच्या अधिकृत माणसानेच करायचा, "मी त्यांच्यातर्फे बोलतोय" चालत नाही. पत्र आलं की नाव अक्षर न् अक्षर तपासा. इनकॉर्पोरेशनच्या कागदावर 'फाउंडेशन इन्क', टॅक्सच्या पत्रावर नुसतं 'फाउंडेशन' आणि बँकेत तिसरंच काहीतरी, असा गोंधळ असेल तर पुढे प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येणार.

सिटी स्थलांतरितांच्या कायदेशीर मदतीसाठी पैसे का देते ते थोडक्यात. इमिग्रेशन कोर्टात फौजदारी कोर्टासारखा सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, माणूस डिटेन्शनमध्ये (इमिग्रेशनच्या कोठडीत) असला तरी नाही. म्हणून २०१३ मध्ये सिटी कौन्सिलने डिटेन्शनमधल्या लोकांना वकील द्यायचा प्रकल्प पायलट म्हणून सुरू केला. आता पैसे मुख्यतः दोन वाटांनी येतात, एक सिटीच्या खात्यांनी काढलेल्या आरएफपीतून (कामासाठी प्रस्ताव मागवणारी जाहिरात) आणि दुसरी कौन्सिलच्या डिस्क्रीशनरी फंडिंगमधून (कौन्सिल स्वतः संस्था निवडून देते तो निधी). लहान संस्थेने दुसरी वाट आधी बघावी, पहिलीत वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या मोठ्या संस्था समोर असतात.

आता तारीख, कारण इथे दरवर्षी कोणीतरी रडतं. सिटीचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून, आणि त्याला नाव मिळतं ते संपतं त्या सालाचं. म्हणजे फिस्कल २०२७ सुरू होतं १ जुलै २०२६ ला, आणि त्याचा कौन्सिलचा अर्ज साधारण त्याआधीच्या फेब्रुवारीत भरायचा असतो. लोक '२०२७' वाचतात आणि निवांत बसतात.

सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. लीगल सर्व्हिस द्यायची तर ती देणार कोण? एकतर अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं लायसन्स असलेला वकील (इमिग्रेशन कायदा फेडरल आहे, त्यामुळे न्यू जर्सीचा पण चालतो), नाहीतर जस्टिस डिपार्टमेंटने मान्यता दिलेला अ‍ॅक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह. बाकी कोणी "फॉर्म भरायला मदत करतो" म्हणत सल्ला द्यायला लागला की ती बेकायदा वकिली, हेतू कितीही चांगला असो. आपल्याकडच्या बार कौन्सिलची सनद इथे वकील म्हणून चालत नाही. पण गंमत बघा, अ‍ॅक्रेडिटेड व्हायला वकील असावंच लागत नाही, त्यामुळे मुंबईत पंधरा वर्षं प्रॅक्टिस करून इथे एच-४ वर (नोकरदार जोडीदाराच्या व्हिसावर) आलेली बाई व्हॉलंटियर म्हणूनसुद्धा ही मान्यता घेऊ शकते, इमिग्रेशन कायद्याचं ट्रेनिंग आणि अनुभव दाखवावा लागतो एवढंच.

या मान्यतेचे फॉर्म दोन, संस्थेसाठी ईओआयआर-३१ आणि माणसासाठी ईओआयआर-३१ए. फी नाही, पण उत्तर यायला महिनोन्महिने जातात, त्यामुळे "आधी ग्रँट मिळू दे मग करू" हा हिशोब उलटा आहे. संस्थेला पहिल्यांदा मिळणारी मान्यता दोन वर्षांची कंडिशनल असते, नंतर सहा वर्षांची; माणसाची तीन वर्षांची. आणि पार्शल अ‍ॅक्रेडिटेशनवर कोर्टात उभं राहता येत नाही, फक्त यूएससीआयएसकडची (ग्रीन कार्ड, नागरिकत्वाचे अर्ज बघणारं खातं) कामं. अर्जात "डिपोर्टेशन डिफेन्स" (देशाबाहेर काढण्याविरुद्ध कोर्टातला बचाव) लिहिलंय आणि माणूस पार्शलवाला, असे अर्ज मी पाहिलेत.

पासपोर्ट नावाच्या सिटीच्या पोर्टलवर (नाव फसवं आहे, प्रवासाशी काही संबंध नाही) खातं उघडणं, बोर्डाची यादी, बजेट, हे सगळं सरळ आहे, एक शनिवार-रविवार द्या. फक्त चॅरिटीज ब्युरोची फाइलिंग थकलेली नको. हे म्हणजे इथलं धर्मादाय आयुक्त कार्यालय समजा. त्यांचा सीएचएआर ५०० हा फॉर्म दरवर्षी भरावा लागतो, वर्ष संपल्यावर साडेचार महिन्यांत. उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या वर गेलं तर सीपीएचा (इथला सीए) रिव्ह्यू रिपोर्ट आणि दहा लाखांच्या वर ऑडिट. आयआरएसचा ९९० (संस्थेचं वार्षिक विवरणपत्र) सलग तीन वर्षं भरला नाही तर टॅक्समाफी आपोआप रद्द होते, कोणी फोन करून सांगत नाही.

अजून एक छळ म्हणजे वर्कर्स कॉम्पचा, म्हणजे कामावरच्या दुखापतीच्या विम्याचा, पुरावा. विम्याचा ब्रोकर हसत हसत एकॉर्डचं (विम्याचं नेहमीचं) सर्टिफिकेट पाठवतो आणि ते परत येतं, कारण न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी ते चालतच नाही. सी-१०५.२ मागा, डिसॅबिलिटीसाठी डीबी-१२०.१. पगारी माणूसच नसेल तर सीई-२००. ब्रोकरला फॉर्मचा नंबर ईमेलमध्ये लिहून द्या, तोंडी सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही.

आणि समजा मंजूर झालं. यादीत नाव आलं म्हणून पेढे वाटू नका, चेक येत नाही. कॉन्ट्रॅक्ट बनतं, मग कंट्रोलरकडे (सिटीचे हिशेब तपासणारा अधिकारी) रजिस्टर व्हायला जातं, त्यांना ३० दिवस असतात, पण त्यांच्या टेबलावर पोचेपर्यंतच कितीतरी महिने गेलेले असतात. तोवर एक डॉलर मिळत नाही, आणि नंतरही बहुतेक वेळा खर्च आधी तुम्ही करायचा, पावत्या लावायच्या आणि मग परतावा. मी ज्या संस्थेत मदत करायचे तिथे वकिलाचा पगार तीन महिने ट्रस्टींनी खिशातून दिला होता. सिटीचं बिनव्याजी कर्ज मिळू शकतं, रिटर्नेबल ग्रँट फंड म्हणतात, त्याची चौकशी नाव यादीत आल्या आल्या करा, पैसे संपल्यावर नाही.

ज्यांचं ५०१ सी ३ अजून आलेलं नाही त्यांनी फिस्कल कंड्युट म्हणजे दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत पैसे घ्यायचा पर्याय बघावा, पण त्यांची फाइलिंग थकलीय का ते आधी तपासा, कारण त्यांची थकली की तुमचंही अडकलं.